आईकडचं

कळंब्याच्या तुरुंगाबाहेर
मुलाखतीचा नंबर लागेपर्यंत
आई भिंतीला टेकून बसते.
डबा आत सोडत नाहीत हे माहीत असून
दर गुरुवारी खरवस आणते
आणि परतताना रिक्षावाल्याला देऊन टाकते.

म्हणते, संग्राम बापावर गेलाय.
हे वाक्य आमच्या घरात दाराच्या कडीइतकं जुनं.
बाबांनी वर्कशॉपात फोरमनवर पाना भिरकावला
तेव्हा आत्या म्हणाली होती, हा आमच्या तात्यांवर गेलाय.
तात्या कुणावर गेले
ते सांगायला कुणी उरलं नव्हतं.

मी सीपीआरच्या लॅबमध्ये रक्त फिरवते.
मशीन थांबलं की नळीत
वर पिवळं, खाली लाल,
मध्ये पुसटशी एक साय.
त्या सायीत सगळं लिहिलेलं:
डोळ्यांचा रंग, टाचेची ठेवण,
आणि एक जनुक, ज्याचं काम घरकामाच्या बाईचं,
मेंदूत सांडलेली रसायनं पुसून काढायची.
सिरोटोनिन, डोपामिन, भडक्याचं नॉरॲड्रिनलिन.
कुणाकडची बाई चटपटीत,
कुणाकडची निम्मं खरकटं तसंच ठेवून जाते.

गंगावेशीत त्या रात्री
दुधाच्या कट्ट्यावर गर्दी होती.
म्हशी उभ्या, धारा चालू, पेल्यावर बोटभर फेस.
चिखलीच्या एका पोराचं कोपर लागलं.
पेला सांडला.
एवढंच.
संग्राम म्हणतो, ताई, पेला सांडला
आणि मग एकदम पोलिसांची गाडी.
मधलं काही नाहीच.
मधल्यात कॅनचं झाकण होतं
आणि त्या पोराचा डावा डोळा.

परवा मी आईला सांगितलं. सांगायला नको होतं.
की हे जनुक एक्सवर असतं,
आणि पोराला एक्स एकच मिळतो,
तो आईकडून.
बाप देतो तो वाय. त्यात हे नसतंच.

ती शेंगा फोडत होती. थांबली नाही.
"म्हंजे माझ्याकडनंच गेलं म्हण की."

मी म्हटलं, असेल. तपासलेलं नाही कुणी.
आणि नुसत्या तेवढ्यानं कोण कुणाला मारत नाही.
तसलंच जनुक घेऊन कितीतरी माणसं
मिसळ खाऊन, बिल देऊन निमूट घरी जातात.
त्याला जोडीला लहानपण लागतं.

"कसलं?"

मी भिंतीकडं बघितलं.
खिळा आहे अजून. बाबांचा पट्टा गेला.
सात वर्षांचा संग्राम त्या खिळ्याखालून जाताना
मान वाकवायचा,
डोकं तिथवर पोचतही नसताना.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली,
"मलाबी यायचा की राग.
असा यायचा, कानात भुंगा शिरल्यागत.
मग पाट्यावर बसायची. तांबड्याचा मसाला
तुझ्या बापाच्या नावानं वाटायची.
तुम्ही म्हणायचा, आई, आज रस्सा नाद खुळा झालाय."

पस्तीस वर्षं आम्ही तिचा राग
भाकरी कुस्करून जेवलो.

मी दोन एक्सवाली. एक तिचा, एक त्यांचा.
माझ्या रक्ताची एक नळी
लॅबच्या फ्रीजमध्ये मागच्या रांगेत आहे,
लेबल न लावलेली.
रोज दार उघडते, पेशंटच्या नळ्या काढते, दार लावते.

आज जाळीपलीकडं संग्राम आला.
मान थोडी वाकलेली.
आई म्हणाली, "बापावर न्हाईस तू.
माझ्यावर गेलायस. एवढं ध्यानात ठेव."
त्याला कळलं नाही.
ती शिव्या देतेय की कौतुक करतेय,
खरं तर मलाही नाही.
तो तिच्या हातांकडं बघत राहिला,
बोटांच्या त्या जाड झालेल्या पेरांकडं,
शिपायानं वेळ संपली म्हणेपर्यंत.

रिक्षावाल्याला आज खरवस मिळाला नाही.
कळंबा फाट्यापर्यंत
आम्ही दोघींनीच खाल्ला,
डब्यात बोटं घालून,
न बोलता.